ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरील खेळांत अक्षरांची चित्रे: पहिल्या चिन्हापासून हलत्या बोगद्यापर्यंत

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) टीआय-८३ प्लस (१९९९) आणि टीआय-८४ प्लस (२००४) या कॅल्क्युलेटरांचा पडदा ९६ पिक्सेल रुंद आणि ६४ पिक्सेल उंच असतो. म्हणजे एकूण ६,१४४ ठिपके, आणि तेही फक्त काळे किंवा कोरे. पहिल्याचा झेड८० प्रोसेसर ६ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि दुसऱ्याचा १५ मेगाहर्ट्‌झवर. त्यावर यंत्रातील बेसिक भाषा प्रत्येक आज्ञा चालवताना नव्याने वाचते, त्यामुळे ठिपका-ठिपका उमटवून चित्र काढायला गेले की खेळ रांगू लागतो. आठ बाय आठ पिक्सेलच्या आकृतीसाठी चौसष्टपर्यंत आज्ञा लागू शकतात. याउलट एक अक्षर छापायला एकच आज्ञा पुरते, कारण त्या अक्षराचा पाच बाय सात ठिपक्यांचा आकार यंत्राच्या स्मृतीत तयारच असतो. अक्षरांचा चित्रासारखा वापर करण्यामागचे कारण एवढेच आहे. बेसिकमध्ये वेगवान खेळ हवा असेल, तर यंत्राने आधीच काढून ठेवलेली चित्रे वापरणे सर्वांत स्वस्त पडते.

या लेखातील मुख्य विवेचन टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस यांच्यासाठी आहे. टीआय-८४ प्लस सीई आणि कॅसिओ यांच्यातील फरक शेवटी दिले आहेत. लेखात आज्ञांची आणि चलांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर आज्ञा एकेक अक्षर टाइप करून लिहिता येत नाही, ती मेन्यूतूनच निवडावी लागते. अल्फा कळ वापरून ‘आउटपुट’ हा शब्द अक्षर-अक्षर टिपला, तर यंत्र त्याला आज्ञा समजत नाही आणि चूक दाखवते. प्रोग्रॅम संपादित करत असताना ‘पीआरजीएम’ कळ दाबली की नियंत्रणाच्या आज्ञा पहिल्या यादीत आणि ‘आउटपुट’, ‘गेटकी’, ‘क्लिअरहोम’ या आज्ञा आय-ओ यादीत मिळतात. स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हांत लिहिलेली चिन्हांची माळ. तिचा तुकडा कापणारी ‘सब(स्ट्रिंग, सुरुवात, लांबी)’, तिची लांबी मोजणारी ‘लेंग्थ’ आणि तीत चिन्ह शोधणारी ‘इनस्ट्रिंग’ या आज्ञा कॅटलॉगमधून घ्याव्या लागतात.

पडदा ही एक तक्ता-वही आहे

होम स्क्रीनवर, म्हणजे आकडेमोडीच्या नेहमीच्या पडद्यावर, ८ ओळी आणि प्रत्येक ओळीत १६ घरे असतात. एका घराची जागा सहा बाय आठ पिक्सेल आणि त्यातील अक्षर पाच बाय सात पिक्सेलचे असते. उरलेला एक उभा आणि एक आडवा पट्टा कोरा राहतो. त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेली दोन चिन्हे एकमेकांना चिकटत नाहीत. वजाबाकीची चिन्हे ओळीने मांडून अखंड रेघ काढायचा प्रयत्न केला, तर तुटक रेघच मिळते. म्हणून सलग रेषा लागणारी चित्रे इथे टाळावीत आणि विटा, नाणी, झुडपे, दगड अशी सुटी दिसली तरी शोभणारी चित्रे निवडावीत.

आउटपुट(ओळ, स्तंभ, मजकूर) ही आज्ञा मजकूर दिलेल्या घरापासून छापू लागते. ओळी वरून खाली १ ते ८ आणि स्तंभ डावीकडून उजवीकडे १ ते १६ असे मोजले जातात. मजकूर ओळीत मावला नाही, तर उरलेला भाग पुढच्या ओळीच्या पहिल्या घरापासून सुरू होतो. हा गुणधर्म पुढे फार कामाला येतो: १२८ चिन्हांची एकच स्ट्रिंग पहिल्या घरापासून छापली की पूर्ण पडदा एका आज्ञेत भरतो, आणि पडदा वर सरकतही नाही.

चिन्हांची निवड

नवा प्रोग्रॅमर बहुधा इंग्रजी अक्षरांपाशीच थांबतो, पण कॅल्क्युलेटरच्या मेन्यूंत चित्रासाठी अक्षरांपेक्षा सरस चिन्हे दडलेली असतात. ‘स्टॅट प्लॉट’च्या मार्क यादीत आलेखावर बिंदू दाखवण्याच्या तीन खुणा आहेत: पोकळ चौकोन, लहान अधिक आणि मधोमध असलेला ठिपका. प्रोग्रॅम संपादकात त्या तिन्ही चिन्हे म्हणून टाकता येतात. चौकोन भिंतीसाठी आणि ठिपका नाण्यासाठी किंवा गोळीसाठी अगदी चपखल बसतो. टेस्ट यादीतून ≠, ≤, ≥ ही चिन्हे मिळतात, तर अँगल यादीतून अंशाचे वर्तुळ आणि मिनिटाची वरची खूण मिळते. कळफलकावरील पाय, थीटा, वर्गाचे चिन्ह, व्यस्ताचे चिन्ह, चौकटी आणि महिरपी कंस हेही उपलब्ध आहेत. क्रमिकांसाठी असलेली यू, व्ही, डब्ल्यू ही लहान अक्षरे सात, आठ आणि नऊ या कळांवर दुसऱ्या फंक्शनने मिळतात. एरवी या यंत्रांवर लहान लिपीतील अक्षरे थेट टाइप करता येत नाहीत, म्हणून लाटा किंवा गवत दाखवायला ती मोलाची ठरतात.

ऋण चिन्ह आणि वजाबाकीचे चिन्ह या दोन वेगळ्या कळा आहेत, आणि पडद्यावरही ती दोन वेगळी चिन्हे म्हणूनच उमटतात. भागाकाराची कळ तिरकी रेघ देते, गुणाकाराची कळ तारा देते. ओ हे अक्षर आणि शून्य एकाच खेळात दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरू नयेत, कारण हलत्या पडद्यावर डोळ्याला त्यांतला फरक कळत नाही. निवडीचा एक साधा नियम पाळावा: ज्याला धडकल्यावर थांबायचे ते चिन्ह भरगच्च असावे, जे वेचायचे ते हलके असावे, आणि नायकाचे चिन्ह या दोन्हींपेक्षा वेगळ्या आकाराचे असावे. खेळणाऱ्याने सूचना न वाचताही पडदा समजला पाहिजे.

एका सापळ्याची इथेच नोंद करायला हवी. स्ट्रिंगची लांबी यंत्र अक्षरांत मोजत नाही, टोकनांत मोजते, म्हणजे एका कळेने किंवा मेन्यूतील एका निवडीने आलेला मजकूर एक धरते. ‘साइन’ कळ दाबून आलेला मजकूर पडद्यावर कंसासह चार घरे व्यापतो, पण लांबीच्या हिशेबात तो एकच धरला जातो. नकाशाच्या स्ट्रिंगमध्ये असे एखादे टोकन शिरले की पडद्यावरचे घर आणि स्ट्रिंगमधील स्थान यांची फारकत होते आणि भिंती भलत्याच जागी लागू लागतात. वर्गमूळाचे चिन्हही उघड्या कंसासह येते, म्हणून तेही नकाशात घेऊ नये. जे टोकन पडद्यावर नेमके एकच घर व्यापते तेच वापरावे.

अवतरणचिन्ह आणि साठवणीचा बाण ही दोन चिन्हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या स्ट्रिंगच्या आत ठेवता येत नाहीत, कारण यंत्र त्यांना स्ट्रिंगचा शेवट समजते. त्यांच्यासाठी अडून न बसता दुसरे चिन्ह निवडणे उत्तम.

पहिला टप्पा: एक चिन्ह हलवणे

सुरुवात रिकाम्या पडद्यावर फिरणाऱ्या एका चिन्हापासून करावी.

क्लिअरहोम
४→ए
८→बी
रिपीट के=४५
आउटपुट(ए,बी,"ओ")
गेटकी→के
इफ के
देन
आउटपुट(ए,बी," ")
ए+(के=३४)(ए<८)-(के=२५)(ए>१)→ए
बी+(के=२६)(बी<१६)-(के=२४)(बी>१)→बी
एंड
एंड

गेटकी ही आज्ञा शेवटी दाबलेल्या कळेचा क्रमांक देते आणि काहीच दाबले नसेल तर शून्य देते. डावा बाण २४, वरचा २५, उजवा २६, खालचा ३४, क्लिअर ४५ आणि एंटर १०५. बाणांच्या कळा दाबून धरल्या तर क्रमांक पुन्हा पुन्हा येत राहतो, इतर बहुतेक कळांचा मात्र एकदाच येतो. म्हणून सतत चालणारी हालचाल बाणांवरच ठेवावी. गेटकी एकदा वाचले की पुन्हा शून्यावर जाते, त्यामुळे एका फेरीत ते एकदाच वाचून चलात साठवावे. प्रत्येक तुलनेसाठी नव्याने गेटकी लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कळा हरवतात, आणि दोष यंत्राचा वाटत राहतो.

या भाषेत तुलना खरी असेल तर १ आणि खोटी असेल तर ० मिळतो. (के=३४)(ए<८) हा गुणाकार खालचा बाण दाबला असेल आणि नायक शेवटच्या ओळीत नसेल तेव्हाच १ होतो. चार वेगवेगळ्या ‘इफ’ लिहिण्यापेक्षा हे आटोपशीर आहे आणि वेगवानही. रिपीटची अट फेरीच्या शेवटी तपासली जाते, त्यामुळे ‘के’ला आधी किंमत देण्याची गरज नसते.

‘इफ के’ ही अट वगळली, तर कळ दाबलेली नसतानाही प्रत्येक फेरीत चिन्ह पुसून पुन्हा काढले जाते आणि ते डोळे मिचकावत राहते. थरथरणाऱ्या बहुतेक खेळांचे मूळ इथे असते. काही बदलले असेल तेव्हाच पुसावे, आणि पुसल्यानंतर शक्य तितक्या लवकर नवे चिन्ह काढावे.

दुसरा टप्पा: नकाशा स्ट्रिंगमध्ये ठेवणे

होम स्क्रीनवर अमुक घरात कोणते चिन्ह आहे, हे पडद्याला विचारता येत नाही. तशी आज्ञाच या भाषेत नाही. पडद्यावर भिंत काढली तरी प्रोग्रॅमला ती दिसत नाही. म्हणून पडद्याची प्रत स्ट्रिंगमध्ये ठेवायची, सगळे निर्णय त्या प्रतीवरून घ्यायचे आणि पडद्याला केवळ तिचे प्रतिबिंब मानायचे. अक्षरांच्या चित्रांचा खरा फायदा मला इथे दिसतो, कारण एकच स्ट्रिंग चित्रही असते आणि खेळाची स्मृतीही. ठिपक्यांनी काढलेल्या चित्राला ही सोय नसते. तिथे नकाशा वेगळा आणि चित्र वेगळे सांभाळावे लागते.

स्ट्र१ ते स्ट्र९ आणि स्ट्र० असे दहा स्ट्रिंग-चल उपलब्ध असतात. नकाशा एका दमात टाइप करू नये, मोजणी हमखास चुकते. पहिली ओळ स्ट्र१ मध्ये ठेवावी आणि पुढची प्रत्येक ओळ तिला जोडत जावे:

"□□□□□□□□□□□□□□□□"→स्ट्र१
स्ट्र१+"□··□······□····□"→स्ट्र१

अशा आठ ओळी झाल्या की लेंग्थ(स्ट्र१) तपासावी. ती १२८ आली नाही, तर पुढे जाऊच नये. त्यानंतर आउटपुट(१,१,स्ट्र१) एवढ्यानेच पूर्ण चक्रव्यूह उभा राहतो.

ओळ ‘ए’ आणि स्तंभ ‘बी’ या घराचे स्ट्रिंगमधील स्थान १६(ए-१)+बी असते. नायकाला हलवण्याआधी तो जिथे जाणार ते घर वेगळ्या चलांत काढावे आणि तिथे भिंत नसेल तरच हलवावे:

ए+(के=३४)-(के=२५)→सी
बी+(के=२६)-(के=२४)→डी
इफ सब(स्ट्र१,१६(सी-१)+डी,१)≠"□"
देन
आउटपुट(ए,बी,सब(स्ट्र१,१६(ए-१)+बी,१))
सी→ए
डी→बी
एंड

पुसताना इथे कोरी जागा छापलेली नाही, तर नकाशात त्या घरात जे असेल तेच छापले आहे. नायक गवतावरून गेला तर त्याच्यामागे गवत तसेच राहते. पडद्याच्या कडांची तपासणीही उरत नाही, कारण नकाशाला चारही बाजूंनी भिंत आहे आणि नायक कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही.

त्या भिंतीचा आणखी एक उपयोग आहे. नाणे वेचल्यावर नकाशातील ते चिन्ह बदलावे लागते, आणि स्ट्रिंगमधील एकच चिन्ह बदलण्याची सोय नसल्याने ती कापून पुन्हा जोडावी लागते:

१६(ए-१)+बी→पी
इफ सब(स्ट्र१,पी,१)="·"
देन
एम+१→एम
सब(स्ट्र१,१,पी-१)+" "+सब(स्ट्र१,पी+१,१२८-पी)→स्ट्र१
एंड

पी १ असेल किंवा १२८ असेल, तर दोनपैकी एका तुकड्याची लांबी शून्य होते आणि शून्य लांबीचा तुकडा मागितला की यंत्र ‘इनव्हॅलिड डिम’ ही चूक दाखवून थांबते. नकाशाची कड भिंतीची असल्यामुळे ही वेळ कधीच येत नाही. उघड्या कडांचा खेळ हवा असेल, तर स्ट्रिंगच्या पुढे आणि मागे एकेक फालतू चिन्ह ठेवून स्थानात १ मिळवत राहावे. गुणांचा चल ‘एम’ खेळ सुरू होण्याआधी शून्य करून ठेवायला हवा, कारण कॅल्क्युलेटरचे चल मागच्या कामातील किंमत तशीच बाळगून असतात.

सगळी नाणी संपली का, हे पाहण्यासाठी वेगळी मोजणी ठेवावी लागत नाही. इनस्ट्रिंग(स्ट्र१,"·") ही आज्ञा पहिल्या नाण्याचे स्थान देते आणि एकही उरले नसेल तर शून्य देते. रिपीटची अट ‘के=४५ ऑर इनस्ट्रिंग(स्ट्र१,"·")=०’ अशी लिहिली की काम झाले. फक्त प्रत्येक फेरीत लांब स्ट्रिंग चाळणे धिम्या यंत्रावर जाणवते. म्हणून ही तपासणी नाणे वेचले त्याच क्षणी करावी आणि निकाल चलात ठेवावा.

पाठलाग करणारा शत्रू

शत्रूची ओळ ‘ई’ आणि स्तंभ ‘एफ’ असेल, तर ई+(ए>ई)-(ए<ई) हे सूत्र त्याला नायकाच्या दिशेने एक घर सरकवते, स्तंभासाठीही तसेच. मात्र दोन्ही सूत्रे एकाच फेरीत लावली, तर शत्रू तिरका चालतो आणि भिंतींच्या कोपऱ्यांतून आरपार निघतो. एका फेरीत ओळ आणि पुढच्या फेरीत स्तंभ बदलावा, आणि नायकाप्रमाणेच त्याच्याही पुढच्या घरात भिंत आहे का ते पाहावे. शत्रू नायकाइतकाच चपळ असेल तर खेळात जीव राहत नाही, म्हणून फेऱ्या मोजणारा एक चल ठेवून त्याला दर तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीलाच हलवावे. हा आकडा कमी-जास्त करणे म्हणजेच खेळाची अवघडता ठरवणे.

टक्कर तपासताना एक बारकावा हमखास निसटतो. नायक आणि शत्रू शेजारच्या घरांत असून एकाच फेरीत दोघेही समोरासमोर सरकले, तर त्यांची घरे अदलाबदल होतात आणि ‘ए=ई अँड बी=एफ’ ही अट कधीच खरी होत नाही. नायक हलल्यावर एकदा आणि शत्रू हलल्यावर पुन्हा एकदा अशी ती दोनदा तपासावी.

एका घरात तीन उंच्या

आठच ओळी असल्यामुळे पडणारी वस्तू धाडकन एकेक ओळ उतरते आणि हालचाल ओबडधोबड वाटते. यावर एक सुरेख उपाय आहे. मिनिटाची खूण घराच्या वरच्या भागात उमटते, स्टॅट प्लॉटचा ठिपका मध्यभागी आणि पूर्णविराम तळाशी. ही तीन चिन्हे पाठोपाठ दाखवली की थेंब एकाच घरात तीन पायऱ्यांनी खाली येताना दिसतो, आणि आठ ओळींच्या पडद्यावर चोवीस उंच्या मिळतात. उंची ‘एच’ शून्यापासून तेवीसपर्यंत मोजली, तर ओळ आणि चिन्ह असे काढता येते:

१+इंट(एच/३)→ए
आउटपुट(ए,बी,सब("'·.",१+एच-३इंट(एच/३),१))

ओळ तीच असेल तोवर नवे चिन्ह जुन्याला आपोआप झाकते, त्यामुळे पुसायची गरज नसते. ओळ बदलली की तेवढे मागचे घर पुसावे. पाऊस, गोळ्या, गळते छत अशा कशालाही ही युक्ती चालते. जाळासाठी तारा आणि अधिक आलटून-पालटून दाखवणे हाही याच जातीचा प्रकार आहे.

सरकता बोगदा

आता थोडे अवघड, पण सर्वांत समाधान देणारे उदाहरण. नायक विहिरीसारख्या बोगद्यातून खाली पडतो आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वळत-वळत वर सरकत आहेत असे दृश्य हवे आहे. यासाठी दोन स्ट्रिंग लागतात. पहिली पडद्याची प्रत: सोळा कोऱ्या जागांची स्ट्रिंग घेऊन स्ट्र१+स्ट्र१→स्ट्र१ हे तीन वेळा केले की सोळाचे बत्तीस, चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस होतात. दुसरी स्ट्रिंग म्हणजे बोगद्याच्या ओळींचा साचा. तीत बारा तारे, चार कोऱ्या जागा आणि पुन्हा बारा तारे, अशी एकूण अठ्ठावीस चिन्हे असतात:

"************    ************"→स्ट्र२

या साच्यातून सलग सोळा चिन्हे कापली की एक ओळ मिळते. पहिल्या स्थानापासून कापले तर वाट उजव्या कडेला येते, तेराव्या स्थानापासून कापले तर डाव्या कडेला. म्हणजे ‘एस’ हा एकच आकडा १ ते १३ यांच्यात हलवला की वाट हवी तशी वळते.

७→एस
८→बी
रिपीट के=४५ ऑर सब(स्ट्र१,१६+बी,१)="*"
मॅक्स(१,मिन(१३,एस+रँडइंट(-१,१)))→एस
सब(स्ट्र१,१७,११२)+सब(स्ट्र२,एस,१६)→स्ट्र१
आउटपुट(१,१,स्ट्र१)
गेटकी→के
मॅक्स(१,मिन(१६,बी+(के=२६)-(के=२४)))→बी
आउटपुट(२,बी,"+")
एंड

सब(स्ट्र१,१७,११२) हा तुकडा पहिली ओळ टाकून देऊन उरलेल्या सात ओळी घेतो आणि त्यांच्या तळाला नवी ओळ जोडली जाते. नायक दुसऱ्या ओळीत असल्यामुळे त्याचे स्थान १६+बी होते. तिथे तारा आला की फेरी थांबते. नायक वरच्या बाजूला ठेवण्यामागे कारण आहे: येणारी वाट त्याला सहा ओळी आधी दिसते. मॅक्स आणि मिन यांची जोडी आकडा दोन मर्यादांत अडकवून ठेवते. दोन मर्यादांमधला कोणताही पूर्णांक देणाऱ्या रँडइंटमध्ये लिहिलेले -१ हे ऋण चिन्हाच्या कळेने लिहावे, वजाबाकीच्या नव्हे. ही कळ चुकली की यंत्र वाक्यरचनेची चूक दाखवते.

टीआय-८३ प्लसवर पूर्ण पडदा पुन्हा छापताना अक्षरे वरून खाली भरत जाताना दिसू शकतात. तिथे डिस्प सब(स्ट्र२,एस,१६) असा पर्याय आहे: डिस्प आज्ञा तळाला ओळ छापते आणि पडदा यंत्र स्वतःच वर सरकवते. मात्र त्यासोबत नायकाचे चिन्हही वर सरकते, म्हणून ते दर फेरीला योग्य घरात पुन्हा काढून जुने पुसावे लागते. वेग हवा असेल तर हा त्रास घेण्यासारखा आहे. टीआय-८४ प्लसवर मला तरी पहिली पद्धत पुरेशी वाटते.

आलेखाच्या पडद्यावरील बारीक अक्षरे

होम स्क्रीनची घरे अपुरी पडू लागली की आलेखाच्या पडद्याकडे वळावे. तिथे टेक्स्ट(ओळ, स्तंभ, मजकूर) ही आज्ञा घरांऐवजी पिक्सेलच्या हिशेबाने चालते आणि मोजणी शून्यापासून होते. ओळ ० ते ५७ आणि स्तंभ ० ते ९४. अक्षर कोणत्याही पिक्सेलपासून सुरू करता येते, त्यामुळे हालचाल एकेका पिक्सेलने होते. खेळाच्या आधी अक्ष बंद करणे, आलेख आणि सांख्यिकी आकृत्या बंद करणे आणि आलेखाचा पडदा पुसणारी क्लिअरड्रॉ आज्ञा चालवणे या तिन्ही गोष्टी कराव्यात, नाहीतर जुन्या समीकरणाची वक्ररेषा खेळाच्या मधोमध उगवते.

इथे अक्षरांची रुंदी सारखी नसते. बहुतेक अक्षरे तीन पिक्सेल आणि त्यापुढे एक कोरा स्तंभ एवढी असतात, तर कोरी जागा फक्त एक पिक्सेल रुंद असते. म्हणून एक अक्षर पुसायला चार कोऱ्या जागा छापाव्या लागतात. आज्ञेत सर्वांत आधी ऋण एक हा आकडा दिला, तर याच पडद्यावर होम स्क्रीनची मोठी अक्षरे उमटतात. टकरीसाठी मात्र या पडद्यावर स्ट्रिंगची प्रत ठेवावी लागत नाही, कारण पिक्सेल-टेस्ट ही आज्ञा एखादा ठिपका काळा आहे का ते थेट सांगते.

या पडद्यावर अक्षरांपासून स्वतःची आकृती घडवण्याची एक खास पद्धत आहे. टेक्स्टने छापलेले अक्षर आपल्या जागेतील आधीचे ठिपके पुसून टाकते. एक अक्षर छापून दुसरे एक पिक्सेल उजवीकडे छापले, तर पहिल्याचा फक्त डावा स्तंभ शिल्लक राहतो. असे एकामागून एक अक्षरांचे डावे स्तंभ जोडत गेले की पाच पिक्सेल उंच आणि हव्या तितक्या रुंद अशी आकृती तयार होते. कॅपिटल एलचा डावा स्तंभ पूर्ण उभा असतो आणि वजाबाकीच्या चिन्हाचा फक्त मधला ठिपका असतो. वजा, एल, वजा आणि शेवटी चार कोऱ्या जागा, असे प्रत्येकी एक पिक्सेल सरकवत छापले की तलवारीच्या मुठीसारखा क्रूस मिळतो:

टेक्स्ट(आर,सी,"-")
टेक्स्ट(आर,सी+१,"एल")
टेक्स्ट(आर,सी+२,"-")
टेक्स्ट(आर,सी+३,"    ")

शेवटच्या कोऱ्या जागा विसरल्या तर अखेरच्या अक्षराचे शेपूट तसेच राहते. आपल्याला लागणाऱ्या स्तंभासाठी कोणते अक्षर चालेल, हे ठरवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहावा: एकेक अक्षर एकाच जागी छापायचे आणि पिक्सेल-टेस्टने त्याच्या डाव्या स्तंभातील पाच ठिपके वाचून दाखवायचे. ही यादी एकदा कागदावर उतरवली की पुढच्या प्रत्येक खेळाला कामी येते.

दुसऱ्या यंत्रांवर नेताना

टीआय-८४ प्लस सीई (२०१५) या रंगीत यंत्राच्या होम स्क्रीनवर १० ओळी आणि २६ स्तंभ असतात. त्यामुळे स्थानाचे सूत्र २६(ए-१)+बी होते, नकाशा २६० चिन्हांचा होतो आणि बोगद्यातील १६, १७, ११२ हे आकडे अनुक्रमे २६, २७ आणि २३४ करावे लागतात. साचाही अठ्ठेचाळीस चिन्हांचा, म्हणजे बावीस तारे, चार जागा, बावीस तारे असा घेऊन ‘एस’ची मर्यादा २३ ठेवावी, आणि नायकाचे स्थान २६+बी धरावे. ही रुंदी सुरुवातीलाच एका चलात ठेवून प्रोग्रॅम लिहिला, तर दोन्ही यंत्रांवर तोच चालवता येतो. टेक्स्टकलर ही आज्ञा फक्त आलेखाच्या पडद्यावरील अक्षरांना रंग देते, होम स्क्रीनवरील आउटपुटला नाही. बारीक अक्षरांचा आकार या यंत्रावर वेगळा असल्याने स्तंभ जोडून केलेल्या आकृत्या इथे जशाच्या तशा उतरत नाहीत.

कॅसिओच्या एफएक्स-९७५०जीटू आणि एफएक्स-९८६०जीटू यांवर आउटपुटच्या जागी लोकेट ही आज्ञा आहे. तिच्यात स्तंभ आधी आणि ओळ नंतर लिहायची असते, म्हणजे क्रम नेमका उलटा. स्तंभ १ ते २१ आणि ओळी १ ते ७ आहेत. बाणांचे क्रमांकही निराळे: डावा ३८, वरचा २८, उजवा २७, खालचा ३७, आणि ईएक्सई कळेचा ३१. टीआयचा प्रोग्रॅम कॅसिओवर उतरवताना आधी सगळ्या लोकेटमधील क्रम तपासावा आणि मगच कळांचे आकडे बदलावेत. क्रम उलटा राहिला तर डावा-उजवा बाण नायकाला वर-खाली नेतो आणि चूक कळांच्या आकड्यांत असल्याचा भास होतो.